गाजरांवरची तकाकी

९ जानेवारी

सूनबाईस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, असं समोरच्या घरातल्या टायपिस्टबाई म्हणतात. त्यांना म्हटलं, माझे आशीर्वाद वाटून वाटून संपले, पुढच्या ओळीवर चला. माझे डोळे अधू झालेत म्हणून मी सांगते आणि त्या लिहितात. चाळीस वर्षं साहेबांचं ऐकून कागद काळे केलेली बाई आहे. मी शिवी दिली तरी त्यांचा स्वल्पविराम चुकत नाही.

तर कारण असं. रविवारी माझा मुलगा भिंगरीला बागेत भेटून आला. माझा मुलगा म्हणजे तुझा नवरा, अजून कागदावर तरी तोच आहे. तो म्हणाला, तू तिच्यासाठी गाजरं करतेस. माझी गाजरं, साखर-लोण्यातली. पोरगी ताटाकडे बघून तोंड फिरवते. चकाकणारं काहीच खात नाही, जॅम लावलेला पाव सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले की ज्याची भीती बसली त्याच्याशीच हळूहळू मैत्री करून द्या.

मैत्री करून द्यायची तर समोरचा ओळखीचा तरी दिसायला हवा ना? भिंगरी बापाला म्हणाली, काळी असतात आणि दाताला चिकटतात. म्हणजे तू कोरड्या पातेल्यात आधी साखर वितळवतेस आणि मग त्यात गाजरं लोटतेस. ते गाजर नव्हे, ती शिक्षा झाली. सहा वर्षांच्या पोरीला कशाबद्दल?

आता नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. गाजरं तिरकी काप, पण सगळे तुकडे एका जाडीचे. एक जाड एक बारीक असं केलंस तर एक शिजतो आणि दुसरा रुसतो, आपल्या घरासारखं. पसरट पातेलं घे, तुकडे एका थरात मांड. अर्धे बुडतील एवढंच पाणी. साखर त्या पाण्यातच, दोन चमचे. सुपारीएवढं लोणी, चिमूटभर मीठ. झाकण ठेव. सुरी सहज जायला लागली की झाकण काढ आणि आच वाढव. आता तिथून हलायचं नाही. पाणी आटत जातं, बुडबुडे आधी बारीक आणि घाईचे असतात, मग मोठे आणि आळशी होतात. तसे झाले की पातेलं धरून गाजरं लोळव. अंगावर तकाकी चढली की त्या क्षणी उतरव. एक जांभई दिलीस तर गेलंच समज.

आणि मध्येच चमचा तोंडात घालू नकोस. मी शिजवताना कधी चाखलं नाही. चाखत बसणं म्हणजे आपल्याच हातांवर पहारा बसवणं.

आता कामाचं. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भिंगरी कुणाकडे राहील ते न्यायाधीशबाई ठरवणार आहेत. आमचा वकील म्हणतो, सगळं माझ्या साक्षीवर आहे. साक्ष सोपी आहे. तू स्वयंपाकाच्या फळीवर धुण्याच्या सोड्याची बरणी ठेवलीस. तो दिसतो साखरेसारखा. बरणीवर काही लिहिलेलं नव्हतं. मी साखर समजून तो गाजरांत घातला, पोरीची जीभ भाजली, तीन दिवस दवाखान्यात थंड दुधावर काढले. एवढं मी सांगणार आहे.

तोवर गाजरं करायला शीक. फार दिवस तुला करावी लागणार नाहीत.

तुझी सासू


२१ जानेवारी

सूनबाईस,

तुझं उत्तर पोचलं. टायपिस्टबाईंनी वाचून दाखवलं. मध्ये दोनदा उठून पाणी प्यायल्या.

तू लिहितेस, मी बोटभर उंच अक्षरात ‘धुण्याचा सोडा’ असं लिहून चिठ्ठी चिकटवली होती. तू लिहितेस, तुम्ही रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचता, तुम्हाला ती दिसली नाही असं होणारच नाही. म्हणजे मी चिठ्ठी वाचली, तरीही सोडा घातला, आणि मग चिठ्ठी काढून टाकली. का? तर तू नवऱ्याच्या नजरेतून उतरावीस म्हणून. त्यासाठी मी माझ्या नातीच्या तोंडात विष घातलं.

हे लिहिताना तुझा हात कसा झडला नाही, याचं मला नवल वाटतं. मी तुला खडूस वाटते, ठीक. वाटते कसली, आहेच. पण मला कुणाचं वाईट करायचं असतं तर मी पाहुण्यांसमोर, माझ्याच गाजरांचं नाव घालवून केलं असतं का? तेवढा तरी मान ठेव.

आता बरण्यांचा विषय तूच काढलास, तर होऊन जाऊ दे. मी बहिणीकडे गेले ती आठ दिवसांसाठी. तेवढ्यात तू माझे सगळे डबे भंगारात दिलेस. साखरेच्या डब्याला एका बाजूला पोचा होता. मिठाच्या डब्याचं झाकण कुरकुरायचं. मिरीच्या डब्याच्या कडीला मी निळा दोरा बांधला होता, तांदळाच्या डब्याची कडी तुटकी होती. अंधारात हात घातला तरी हवा तो डबा हातात यायचा. घरी येऊन बघते तर काचेच्या चोवीस बरण्या, एका आईच्या पोटच्या. सगळ्यांची उंची एक, झाकण एक. तू औषधाच्या दुकानात दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवतेस, तर घरी आल्यावरही हात थांबेनात. तेवीस बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, त्या मी पाहिल्या. चोविसावीवर नव्हती. मी एवढंच म्हणते आहे आणि एवढंच म्हणणार आहे.

आणि एक गोष्ट तुला कबूल करावी लागेल. साखर खिडकीपासून तिसरी होती. आदल्या संध्याकाळी तू फळी पुसलीस आणि बरण्या वाटेल तशा परत मांडल्यास. खालच्या फळीवरचा सोडा वर आला आणि साखरेच्या जागी जाऊन बसला. केलंस की नाही?

इथे टायपिस्टबाईंनी पेन थांबवलं. म्हणाल्या, आजी, चिठ्ठ्या होत्या तर बरण्या मोजायच्या कशाला? त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा, वकिली करायला आमच्याकडे माणूस आहे.

तुझी सासू


३ फेब्रुवारी

सूनबाईस,

तुला हे पत्र लिहायचं खरं तर काही कारण नाही. वकील म्हणतो, निकाल आपल्याच बाजूने लागेल. मुलाने भिंगरीची खोली रंगवून घेतली, पिवळी. रंगाऱ्याने खिडकीवर शिंतोडे उडवले म्हणून मी त्याच्याशी भांडले, तेव्हा जरा हातपाय मोकळे झाल्यासारखं वाटलं.

रविवारी तू तिला दिवसभर आमच्याकडे पाठवलंस, तेही तुझ्या वकिलाने सांगितलं म्हणून. तरी पाठवलंस. तिच्या पिशवीत डबा भरून दिला होतास, आजीच्या घरचं खायचं नाही म्हणून. तो मी उघडला. पाव आणि उकडलेलं अंडं. तुझ्या हातून एवढंच बिघडत नाही.

मी गाजरं केली. माझ्याच घरात मला कोण अडवणार? पोरगी स्वयंपाकघरात आली, स्टूल ओढलं आणि वर चढून एकेक बरणी फिरवून चिठ्ठी मोठ्याने वाचायला लागली. साखर. तांदूळ. मिरी. चोवीसच्या चोवीस. जी आता रिकामी आहे तीसुद्धा फिरवून पाहिली. तिच्यावर काहीच नाही म्हणाली, आणि टॉवेलला पुसावेत तसे माझ्या पदराला हात पुसले. तू तिला हे शिकवलंस का? खाण्याआधी पोलिसासारखी झडती घ्यायची?

मग म्हणाली, आता तू वाच. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही गं. तिने खिडकीतला चष्मा आणून माझ्या नाकावर चढवला. दोन बरण्या माझ्यापुढे धरल्या आणि विचारलं, यातलं मीठ कुठलं. मी एका बरणीवर बोट ठेवलं. मग तिला माकडाची गोष्ट सांगायला लागले. तिला ती फार आवडायची, पण ती हसली नाही.

गाजरं तिने खाल्ली नाहीत. मला वाटलं, सोन्यासारखी झाली होती. मुलाने दोन घास घेतले आणि तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

जाताना भिंगरीने माझ्या कानात एक गोष्ट विचारली. ती मी तुला सांगणार नाही. तुला सगळंच कळायला हवं असं कुठे आहे?

तुझी सासू


१३ फेब्रुवारी

सूनबाईस,

तिने विचारलं, आजी, तुला वाचता येत नाही हे आईला माहीत आहे का?

मी म्हटलं, नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. पोरगी बराच वेळ बुटाचा बंद ओढत राहिली. मग म्हणाली, म्हणजे आई खोटं नाही बोलली. बाबा तर म्हणतात की आई खोटं बोलते.

दहा दिवस मी या वाक्यावर झोपते आहे आणि उठते आहे. आता लिहून घ्या, बाई, आणि मध्ये थांबू नका.

मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. डोळ्यांना काही झालेलं नाही, अजून सुईत दोरा मीच ओवते. माझ्या लग्नाच्या वेळी हे तुझ्या सासऱ्यांना कळलं आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. सकाळी चहाबरोबर ते मला पेपर वाचून दाखवायचे. मुलगा उठला की पेपर माझ्या हातात. चित्रांवरून सुलट बाजू कळते. त्यांनी मला माझी सही शिकवली, जशी कुणी रांगोळी काढायला शिकवेल. ते गेल्यावर मी पेपर हातात धरून बसायची आणि रेडिओवर ऐकलेलं तुम्हाला वाचल्यासारखं सांगायची. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हे सगळं इतकं मुरलेलं होतं की खोटं आहे हे माझंच मी विसरले होते.

त्या दुपारी तू कामावर होतीस, आपल्याकडे पाहुणे जेवायला आले होते. मी खिडकीपासून तिसरी बरणी घेतली. दोन चमचे घातले. पाण्याला फेस आला. मी म्हटलं, सूनबाईंनी आणलेलं लोणी, असलंच असणार. गाजरं पटकन मऊ पडली, तर मी स्वतःवरच खूश झाले. आणि तकाकी अशी चढली की तशी कधी चढली नव्हती. पहिला तुकडा नेहमीप्रमाणे भिंगरीला दिला. मी स्वतः चाखलं नव्हतं.

तू दुकानातून धावत आलीस आणि तुम्ही सगळे तिला घेऊन दवाखान्यात गेलात. घरात मी एकटी. मी त्या बरणीतली चिमूट जिभेवर ठेवली तेव्हा कळलं. मग उकळत्या पाण्यात बरणी बुडवली. चिठ्ठी सुटून वर आली. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं, पण ती तोंड उघडणार एवढं समजत होतं. चुलीत घातली. संध्याकाळी मुलाने विचारलं तेव्हा म्हटलं, बरणीवर काही नव्हतं. तू ओरडलीस, होतं, होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या मनात एवढंच होतं की आजचा दिवस जाऊ दे. तू आठवड्यात पोरीला घेऊन निघून जाशील हे मला दिसलं नाही. आणि तू गेल्यावर परत तोंड उघडायचं तर आधीचं सगळं उलगडावं लागलं असतं, पेपरपासून.

टायपिस्टबाईंनी पेन खाली ठेवलं आहे. त्या म्हणतात, पहिल्या पत्राच्या दिवशी तुम्हाला दाखवायला म्हणून माझ्याकडून चुकून कोरा कागद दिला गेला होता. तुम्ही तो लांब धरून म्हणालात, अक्षर सुरेख आहे. म्हणजे महिनाभर ही बाई सगळं जाणून माझा खोटेपणा शुद्ध भाषेत लिहीत होती. सरकारी नोकरीत माणसं अशीच होतात.

मी क्षमा मागते आहे असं समजू नकोस. निम्मा वाटा तुझा आहे. तुझ्या दुकानात खोकल्याचं औषध आणि उंदराचं औषध एका फळीवर ठेवतेस का? आणि माझे डबे फेकताना मला विचारलं असतंस तर मी भांडले असते, पण निदान डबे राहिले असते.

वीस तारखेला मी काय बोलेन ते मला अजून माहीत नाही. मुलगा रोज त्या पिवळ्या खोलीत जाऊन उभा राहतो. पोरगी या घरात हवी, असं मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण हे पत्र तुझ्या हातात असेल. न्यायाधीशबाईंना दाखवायचं असेल तर दाखव. म्हणून खाली सही करत नाही, अंगठा लावते. सही बघितली की लोकांना वाटतं बाई शिकलेली आहे.

(अंगठा)


२१ फेब्रुवारी

सूनबाईस,

काल तू समोरच्या बाकावर होतीस, तेव्हा जे झालं ते तू पाहिलंस. वकिलाने माझी साक्ष टाइप करून आणली आणि म्हणाला, एकदा नजरेखालून घाला. मी न्यायाधीशबाईंना म्हटलं, मला वाचता येत नाही. वकील घाईने म्हणाला, वय झालंय, डोळे अधू आहेत. मी म्हटलं, डोळे तुझ्यापेक्षा बरे आहेत, अक्षर येत नाही. मग बरणीचं, चिठ्ठीचं, चुलीचं सगळं सांगितलं. तुझ्या पिशवीत माझं पत्र होतं, मला त्याचा कोपरा दिसत होता. तू ते बाहेर काढलं नाहीस. का नाही काढलंस ते मी विचारणार नाही आणि तू सांगू नकोस. काढलं असतंस तर मला जास्त सोपं गेलं असतं.

भिंगरी तुझ्याकडेच राहणार हे ऐकून तू रडलीस. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. ठीक आहे, मीही तुझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते. घरी आल्यावर मुलाने दार लावलं आणि म्हणाला, माझी प्रगतिपुस्तकं?

मी म्हटलं, सही म्हणजे चित्र होतं रे.

तो म्हणाला, “चौथीत मी तीन विषयांत नापास झालो होतो. तू सही केलीस आणि शाबास म्हणालीस. मला वाटलं, माझी आई किती मोठ्या मनाची आहे. मी आयुष्यभर लोकांना ते सांगत आलो.”

मला हसू आलं, आणि ते यायला नको होतं. तो त्याच्या खोलीत गेला. आज जेवायलाही बाहेर गेला. मला वाटतं तो माझ्यावर रागावला आहे ते खोटं बोलले म्हणून नाही. त्याने माझ्या शब्दावर बायकोला खोटं ठरवलं आणि आता तो शब्द परत कुठे ठेवायचा ते त्याला कळत नाही. तो तुझ्या दारात येईल, आज ना उद्या. आल्यावर त्याला लगेच आत घेऊ नकोस. आईचं ऐकणारा पुरुष जरा बाहेर उभा राहिला तर बिघडत नाही. हे मी आई म्हणून सांगते आहे.

मी मात्र तुझ्याकडे काही मागत नाही. तुझी पोरगी तुला मिळाली. मला बघायलासुद्धा मिळणार नाही, असं वकील म्हणाला, आणि बरोबर म्हणाला. नातीच्या जिभेवर फोड आणणाऱ्या आजीला कोण घरात घेईल? मी घेतलं नसतं.

(अंगठा)


४ मार्च

सूनबाईस,

तुझी चिठ्ठी आली. चिठ्ठीच म्हणायची, पत्र म्हणण्याइतकी ती लांब नाही.

भिंगरीने गाजराचे चार तुकडे खाल्ले असं तू लिहितेस. साखर पाण्यात घातली होती, शेवटपर्यंत पातेल्यापाशी उभी राहिले, असंही लिहितेस. एवढ्यावर थांबली असतीस तर मी तुझं कौतुक करण्याच्या धोक्यात आले होते. पण मग खाली अटी. रविवारी अकराला यायचं, दोनला निघायचं. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. पोरीला स्वतःच्या हाताने काहीही भरवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

ऐकून मला इतका संताप आला की टायपिस्टबाईंना म्हटलं, लिहा, येत नाही म्हणून लिहा. त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, वाचून दाखवू? त्यांनी वाचलं आणि मी म्हटलं, फाडा.

ज्या बाईने पन्नास वर्षं लोकांना जेवू घातलं, तिने सुनेच्या घरात पाहुण्यासारखं हात मांडीवर ठेवून बसायचं. आणि सुनेने शिजवायचं. आणि नातीने आधी बरण्या वाचायच्या. असो. माझ्या जागी तू असतीस तर मी याहून कडक अटी घातल्या असत्या, आणि त्या पाळल्यास की नाही ते बघायला शेजारीण बसवली असती.

मुलगा तुझ्या दारात दोनदा येऊन परत गेला, हे मला त्याच्या बुटांवरच्या लाल मातीवरून कळलं, भिंगरीच्या बुटांनाही तीच होती. तो त्याचा प्रश्न. मी त्याच्याबरोबर येणार नाही, टायपिस्टबाई मला फाटकापर्यंत सोडतील. त्यांनाही आत बोलव, त्या निरुपद्रवी आहेत.

तुझी चिठ्ठी मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतली. पायांवर अट आहे. हातांवर अट आहे. जिभेवर एकही नाही. दिवसभर औषधं तोलून देणाऱ्या बाईने नेमकं हेच कसं विसरावं? आता उशीर झाला. मी रविवारी येते आहे.

(अंगठा)